पिशवी पूर्ण रिकामी करा!

‘‘गो बाय, झाडपालोच तो. तेना काय होतला?’’

मालवणच्या बाजारपेठेत औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला वीसेक वर्षं झाली. हे वाक्य कानावर पडल्याशिवाय माझा एक आठवडा जात नाही. सर्दीच्या काढ्याबद्दल किंवा गुडघ्यावरच्या लेपाबद्दल कोणी असं म्हणालं, तर मीही हसून सोडून देते. पण घरात कोणाला केमोथेरपी चालू असेल, शिरेतून सलाईनवाटे औषध जात असेल, तर मात्र मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि विचारते, ‘‘डॉक्टरांना सांगितलंत का?’’ उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. ‘‘नाय गो. ओरडतले.’’

मैत्रिणींनो, आज लिहायचंय ते या न सांगितलेल्या गोष्टींबद्दल. केमोचं औषध रुग्णाच्या शरीरात एकटं नसतं. तिथे आधीच ब्लडप्रेशरची गोळी असते, साखरेची असते, गजकर्णावरची कॅप्सूल असते, शेजारणीने दिलेलं चूर्ण असतं. ही मंडळी एकमेकांशी कशी वागतात, त्यावर दिलेलं औषध लागू पडणार की अंगावर येणार, हे पुष्कळदा ठरतं.

नरक्या की अमृता?

उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच घेऊ. आंबोली, तिलारीच्या बाजूला सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचं एक लहानखुरं झाड वाढतं. त्याच्या घाण वासावरून हे नाव पडलं म्हणतात. गंमत म्हणजे याच झाडाला ‘अमृता’ असंही नाव आहे. शास्त्रीय पुस्तकांत ते ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’, जुन्या पुस्तकांत ‘मॅपिया फोएटिडा’. नरक्याची चोरटी तोड झाली, लाकडाचा साठा पकडला, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. जळणालाही कोणी फारसं न विचारणाऱ्या या झाडाची तस्करी कशासाठी? तर त्याच्यात ‘कॅम्प्टोथेसिन’ नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात.

हे द्रव्य प्रथम सापडलं ते एका चिनी झाडात. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी ते जगापुढे आणलं. यातले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. याच जोडीने १९७१ साली यू नावाच्या झाडाच्या सालीतून ‘टॅक्सॉल’ शोधून काढलं. आज स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगासाठी ते कितीतरी बायकांना सलाईनमधून दिलं जातं. पुढे १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे.

आता पुढचं नीट वाचा. हे द्रव्य थेट रुग्णांना देऊन पाहण्याचे प्रयोग अमेरिकेत १९७०च्या सुमारास झाले आणि ते थांबवावे लागले. रुग्णांना भयंकर जुलाब झाले, रक्तातल्या पेशी घसरल्या, मूत्राशयाला सूज येऊन लघवीतून रक्त गेलं. नंतर कित्येक वर्षं खपून रसायनशास्त्रज्ञांनी त्या द्रव्यात बदल केले, तेव्हा कुठे ‘इरिनोटेकान’ आणि ‘टोपोटेकान’ ही औषधं तयार झाली. इरिनोटेकानला जपानमध्ये १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली परवानगी मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते आजही शिरेतून दिलं जातं. टोपोटेकान बीजकोशाच्या आणि काही इतर कर्करोगांत वापरतात.

दोनेक वर्षांपूर्वी एका बाईने माझ्यापुढे कागदात गुंडाळलेली साल ठेवली. घाटाकडच्या पाहुण्यांनी दिली होती. म्हणाली, ‘‘ह्याच झाडाचा औषध सलायनीतसून देतत ना? मग साल उकळून घेतल्यान काय वायट होतला?’’ प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. उलट अगदी बिनतोड वाटणारा होता. म्हणूनच त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. सलाईनमधलं औषध मिलिग्रॅममध्ये मोजलेलं असतं. रुग्णाची उंची, वजन, रक्ताचे रिपोर्ट, आधीच्या डोसचा त्रास, हे सगळं पाहून ते ठरवतात. सालीच्या काढ्यात किती द्रव्य उतरलं, हे ना तुम्हाला ठाऊक, ना देणाऱ्याला. शिवाय त्यातलं द्रव्य ते मूळचंच, ज्याच्यामुळे प्रयोग थांबवावे लागले ते. सलाईनच्या जोडीला तो काढा म्हणजे त्याच जातीचं विष, आणि तेही न मोजता.

थोडक्यात, झाडपाल्यात ताकद असते हे खरंच आहे. ताकद असते म्हणूनच तो दुसऱ्या औषधाच्या कामात हात घालू शकतो.

शरीरात काय घडतं?

इरिनोटेकान तसं थोडं मवाळ औषध. शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचं ‘एसएन-३८’ नावाच्या द्रव्यात रूपांतर होतं. ते मूळ औषधाच्या शंभर ते हजार पट जहाल. पेशीची वाढ होताना आतल्या गुणसूत्रांचा पीळ सोडवावा लागतो, जाळ्याच्या दोराचा पीळ सोडवतात तसा. एसएन-३८ नेमकं तिथेच अडकून बसतं आणि झपाट्याने वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. झपाट्याने वाढणाऱ्या इतर पेशींनाही, म्हणजे आतड्याच्या अस्तराला आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींना, त्याची झळ लागते.

काम झाल्यावर या जहाल द्रव्याला निष्प्रभ करून पित्तावाटे बाहेर घालवायचं काम यकृताचं. यकृतातली काही विकरं मूळ इरिनोटेकानलाही परस्पर मोडून टाकतात. दुसऱ्या एखाद्या औषधाने ही विकरं जास्त जोमाने कामाला लागली, तर जहाल द्रव्य कमी उरतं. त्याच विकरांना कोणी अडवून धरलं, तर ते प्रमाणाबाहेर साचतं.

साचलं तर त्रास दिसतो. जुलाब होतात, ताप येतो. कमी पडलं तर मात्र काहीच दुखत नाही. रुग्णाला उलट बरं वाटतं, ‘‘यावेळी केमो अजिबात बाधली नाही’’ असं घरचे सांगतात. आणि आत गाठ वाढत राहते. मला भीती वाटते ती या दुसऱ्या प्रकाराची.

औषध कमी पाडणाऱ्या गोष्टी

फिटसाठीच्या जुन्या गोळ्या यात पहिल्या. फेनिटॉइन (आपल्याकडे एप्टॉइन नावाने सर्रास मिळते ती), कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन या तिन्ही यकृताच्या विकरांना चेतवतात. मेंदूत गाठ असलेल्या आणि अशा गोळ्या घेणाऱ्या रुग्णांवर अभ्यास झाले, तेव्हा त्यांच्या रक्तात एसएन-३८ इतरांपेक्षा बरंच कमी भरलं. म्हणून इरिनोटेकान सुरू करायच्या निदान दोन आठवडे आधी फिटचं औषध शक्य असेल तर बदलावं, असं औषधाच्या माहितीपत्रकातच सांगितलेलं आहे. टीबीवरच्या गोळ्यांमधलं रिफाम्पिसिनही याच जातीचं.

‘सेंट जॉन्स वर्ट’ ही परदेशी वनस्पती. मन उदास असताना घ्यायच्या कॅप्सूल म्हणून ती तिकडे दुकानांत मिळते आणि भाचे-पुतणे प्रेमाने घेऊन येतात. तिच्यावरचा २००२ सालचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध आहे. पाचच रुग्ण होते, पण ही कॅप्सूल घेत असताना त्यांच्या रक्तातलं एसएन-३८ चक्क ४२ टक्क्यांनी घटलं. झाडपालाच तो!

विडी-सिगारेटचाही यात हात आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सिगारेट ओढणाऱ्या रुग्णांच्या रक्तात एसएन-३८ जवळजवळ ४० टक्के कमी आढळलं. आपल्याकडच्या बायका विडी क्वचित ओढतात, पण मशेरी लावणाऱ्या पुष्कळ. मशेरीही तंबाखूच. तोंडाच्या कर्करोगाचं ते कारण आहे, तेव्हा ती सुटलेली बरीच. पण लावत असाल तर लपवू नका.

औषध साचवणाऱ्या गोष्टी

आपल्या दमट हवेत गजकर्ण घरोघरी. त्यावर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल लोक एकमेकांना सांगून घेतात. ‘‘माका लागू पडली, तू पण घे.’’ इट्राकोनाझोल आणि त्याचा भाऊ केटोकोनाझोल, दोघंही यकृताच्या त्या विकरांना जोरात अडवतात. केटोकोनाझोलबरोबर इरिनोटेकान दिल्यावर एसएन-३८ दुपटीच्या वर गेल्याचं नोंदलं गेलंय. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि एचआयव्हीवरची काही औषधंही याच गटातली. म्हणजे गजकर्णाची साधी कॅप्सूल, पण केमोच्या रुग्णाला तीच महागात पडू शकते.

‘‘हे फळ चालेल का?’’ असंही पुष्कळजणी विचारतात. ग्रेपफ्रूट नावाचं परदेशी फळ अशी विकरं अडवतं. गणपतीच्या माटवीला आपण बांधतो ते पपनस त्याच्याच नात्यातलं आणि त्यातही तशी द्रव्यं असतात. त्यांचा परिणाम मुख्यतः पोटातून घेतलेल्या गोळ्यांवर, म्हणजे ब्लडप्रेशरच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांवर होतो. तरी केमोच्या दिवसांत पपनस खायच्या आधी विचारलेलं बरं.

हळदीबद्दलही सांगते. आमटीतल्या, माशाच्या कालवणातल्या हळदीला घाबरायचं कारण नाही. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. २००२ साली प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग झाले, त्यात हळदीतल्या कर्क्युमिनने केमोच्या काही औषधांचा परिणाम उलट कमी केला. त्या औषधांत कॅम्प्टोथेसिनही होतं. माणसांत तसंच घडतं हे त्यातून सिद्ध होत नाही. पण केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता अशा कॅप्सूल घेऊ नयेत, एवढं मात्र नक्की.

जुलाब आणि चूर्ण

इरिनोटेकानचा सगळ्यात धोकादायक त्रास म्हणजे जुलाब. ते दोन तऱ्हेचे. पहिले सलाईन चालू असताना किंवा त्याच दिवशी होतात. घाम, लाळ, पोटात मुरडा. त्यावर रुग्णालयातच इंजेक्शन देतात. दुसरे चोवीस तासांनंतर, म्हणजे बहुधा घरी आल्यावर. पित्तावाटे आतड्यात आलेलं निष्प्रभ द्रव्य तिथले जंतू पुन्हा जहाल करतात, म्हणून ते होतात.

यावर डॉक्टर लोपेरामाइडच्या गोळ्या आधीच लिहून देतात. साध्या जुलाबाला घेतो त्यापेक्षा हा डोस बराच मोठा आणि लवकर-लवकर घ्यायचा असतो. तेव्हा ‘‘दिवसाला दोनच घे’’ असं दुकानदार किंवा शेजारीण म्हणाली, तरी आपल्या डॉक्टरांनी कागदावर जे लिहिलंय तेच करा. आणि कागदावर लिहून घेतल्याशिवाय घरी निघूच नका. देवबागच्या टोकाला किंवा आचऱ्याच्या आतल्या वाडीत रात्री दोन वाजता जुलाब सुरू झाले, तर विचारायचं कोणाला?

या दिवसांत पोट साफ करणारी चूर्णं, एरंडेल, त्रिफळा, इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. बद्धकोष्ठतेची सवय असलेल्या बायका ते औषधात धरतच नाहीत, म्हणून सांगतही नाहीत. ब्लडप्रेशरसाठी किंवा पायाच्या सुजेसाठी लघवी जास्त व्हायची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. जुलाबात शरीरातलं पाणी जातं, त्यात ही गोळी आणखी पाणी काढते.

घरात न सांगितलेली गोळी

सालीची पुडी घेऊन आलेल्या त्या बाईंबद्दल थोडं सांगते. सलाईन तिच्या जावेला लागणार होतं. मोठ्या आतड्याचा कर्करोग, तो यकृतात गेलेला. उपचार जिल्ह्याबाहेर. सालीचं बोलून झाल्यावर ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग हळूच एक पाकीट पुढे केलं. ‘‘ही गोळी ती वीस वर्सां घेता. घरात कोणाक म्हायत नाय.’’ फिटची गोळी होती. फेनिटॉइन.

लग्नाआधीपासून फिट यायच्या. माहेरच्यांनी लपवलं, मग हिने लपवलं. दर महिन्याला जाऊ औषध न्यायची, मला वाटायचं तिचंच आहे. रुग्णालयात ‘‘आणखी काही औषधं?’’ असं विचारलं, तेव्हा नवरा आणि मुलगा बाजूला उभे होते. बाई म्हणाल्या, ‘‘प्रेशरची तेवढी.’’

मी तिथल्या तिथे कागदावर गोळीचं नाव, डोस, किती वर्षं चालू आहे ते लिहून दिलं आणि दोन गोष्टी बजावल्या. ही गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. आणि हा कागद सलाईन लागायच्या आधी डॉक्टरांच्या हातात पडला पाहिजे. पुढच्या खेपेला जाऊ सोबत गेली. पुरुषमंडळींना केसपेपर काढायला पाठवलं आणि नर्सच्या हातात कागद दिला. डॉक्टरांनी फिटचं औषध बदललं आणि सलाईन दोन आठवडे पुढे ढकललं.

बाई माझ्यावर चांगल्याच रागावल्या. ‘‘पंधरा दीस फुकट गेले,’’ म्हणाल्या. कर्करोगात एकेक दिवस डोंगराएवढा वाटतो, तेव्हा तो राग मला कळत होता. पण त्या पंधरा दिवसांशिवाय पुढची सलाईनं अर्ध्या जोराची ठरली असती. गुण किती येईल हे माझ्या हातात नाही, डॉक्टरांच्याही पूर्ण हातात नसतं. निदान दिलेलं औषध तिला पुरतं मिळालं. मुलाला कधीतरी फाइल वाचून कळलंच. आभाळ काही कोसळलं नाही.

अशा लपवलेल्या गोळ्या बायकांकडे बऱ्याच असतात. मनाच्या डॉक्टरांची गोळी, पाळी पुढे ढकलायची गोळी, झोपेची गोळी, जाडी कमी करायचं चूर्ण. केमोच्या प्रत्येक औषधाची न जमणारी यादी वेगळी असते. ‘फाइव्ह-एफयू’ हे औषध इरिनोटेकानच्या जोडीला नेहमी देतात. त्याच्याबरोबर रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेथोट्रेक्सेटबरोबर साध्या दुखण्याच्या गोळ्याही अडचणीच्या ठरू शकतात. १९९३ साली जपानमध्ये सोरिव्हुडिन नावाचं नागिणीवरचं नवं औषध बाजारात आलं. फाइव्ह-एफयूच्या जातीची औषधं घेत असलेल्या रुग्णांना ते दिलं गेलं आणि काही आठवड्यांत पंधरा ते अठरा माणसं दगावली. नागीण बरी करायला दिलेल्या औषधाने केमोचं औषध शरीरात साचू दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, हे बघायचं काम डॉक्टरांचं. खरंच आहे. पण आपल्याकडे केमो बांबोळीला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला, प्रेशरची गोळी मालवणात, फिटची कुडाळात आणि काढा घरात. हे सगळं एकत्र दिसतं ते फक्त घरातल्या बाईला.

हे लक्षात ठेवा

• केमो सुरू होण्याआधी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. गोळ्या, मलमं, चूर्णं, काढे, होमिओपॅथीच्या बाटल्या, परदेशातून आलेल्या कॅप्सूल, सगळं. ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर पूर्ण रिकामी करा.

• एका वहीत यादी लिहा: नाव, डोस, कधीपासून. दर खेपेला नवीन काय सुरू झालं, काय बंद झालं ते त्यात घाला.

• सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नसेल तर नर्सकडे चिठ्ठी द्या, किंवा ‘‘डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय’’ असं सांगा. तो तुमचा हक्क आहे.

• चालू असलेली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. फिटची, हृदयाची, साखरेची तर नाहीच.

• दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा, जाल तेव्हा ‘‘केमो चालू आहे’’ हे पहिलं वाक्य.

• ताप १००.४ अंशांवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका, आधी रुग्णालयाला फोन करा. गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग आत वाढतो.

• वैद्यांचं औषध घ्यायचं असेल तर वैद्यांना केमोचं नाव सांगा आणि केमोच्या डॉक्टरांना वैद्यांच्या औषधाचं. दोघांपैकी एकालाच माहीत असणं पुरेसं नाही.

आणि यादी लिहायला जमत नसेल, पाकिटावरची अक्षरं वाचता येत नसतील, तर पिशवी घेऊन तुमच्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात जा आणि काउंटरवर ओता. दहा मिनिटांचं काम आहे. त्याचे पैसे लागत नाहीत.